तारापूरचं इंधन आणि नेट झिरोचं गणित

पालघर जिल्ह्यात तारापूरच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर १९६९ मध्ये भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र व्यापारी तत्त्वावर चालू झालं. दोन्ही अणुभट्ट्या अमेरिकी कंपनीने बांधून दिलेल्या. त्यांचं इंधन मात्र आधी अमेरिकेतून आलं, नंतर फ्रान्समधून, नंतर चीनमधून आणि त्यानंतर रशियातून. प्रत्येक वेळी पुरवठादार बदलण्याचं कारण राजकीय होतं, भट्टीत बिघाड झाला म्हणून कधीच नाही.

हवामानबदल रोखायचा तर अणुऊर्जा वाढवायला हवी, असं आज अनेक देश म्हणू लागले आहेत. माझ्या मते त्या चर्चेत शिरण्याआधी तारापूरची ही कहाणी नीट समजून घ्यायला हवी. अणुवीज बनवायची कशी हे माणसाला सत्तर वर्षांपासून माहीत आहे. अवघड आहे ते दोन देशांनी पन्नास-साठ वर्षं एकमेकांना दिलेला शब्द पाळणं.

आधी नेट झिरो म्हणजे काय ते थोडक्यात. एखादा देश हवेत जेवढा कार्बन सोडतो, तेवढाच जंगलं, जमीन किंवा यंत्रं यांच्या मदतीने परत शोषला गेला, तर हिशेब शून्यावर येतो. भारताने त्यासाठी २०७० हे वर्ष ठरवलं आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत पंतप्रधानांनी तशी घोषणा केली. कोळशापासून एक युनिट वीज बनवताना, खाणीपासून राखेपर्यंतचा सगळा हिशेब धरला तर सुमारे ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, असं संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक शास्त्रीय समितीचा २०१४ चा अहवाल सांगतो. अणुऊर्जेसाठी हाच आकडा १२ ग्रॅमच्या आसपास आहे, म्हणजे जवळजवळ पवनऊर्जेइतका. सौरऊर्जा स्वस्त झाली आहे आणि ती वाढायलाच हवी. पण सूर्य मावळल्यावरही लोकल धावतात, रुग्णालयं चालतात आणि पोलादाचे कारखाने बंद करता येत नाहीत. अणुवीज रात्रंदिवस, बाराही महिने मिळते आणि तिला जागाही कमी लागते. तिची बाजू मांडणाऱ्यांचा मुख्य मुद्दा हाच आहे, आणि तो मला पटतो.

याच मुद्द्यावर डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत वीसहून अधिक देशांनी एक जाहीरनामा काढला. २०२० साली जगात जेवढी अणुवीज क्षमता होती, ती २०५० पर्यंत तिप्पट करायची, असं त्यात म्हटलं होतं. अमेरिका, फ्रान्स, ब्रिटन, जपान, दक्षिण कोरिया आणि संयुक्त अरब अमिराती त्यात होते. भारत, चीन आणि रशिया नव्हते. गंमत म्हणजे प्रत्यक्षात नव्या भट्ट्या सर्वाधिक उभारणाऱ्यांत हेच तीन देश पुढे आहेत. त्यामुळे सह्यांची यादी पाहून कोण काय करतंय हे ठरवू नये.

सध्या जगात सुमारे ४४० अणुभट्ट्या चालू आहेत आणि जगाच्या विजेतला त्यांचा वाटा नऊ टक्क्यांच्या आसपास आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यात तो सतरा टक्क्यांच्या पुढे होता. म्हणजे तिप्पट करण्याच्या गप्पा सुरू आहेत त्या घसरणीला लागलेल्या वाट्याविषयी.

मग प्रत्येक देश आपापल्या भट्ट्या आपापल्या बळावर का बांधत नाही? कारण लागणाऱ्या वस्तू आणि कौशल्यं जगभर विखुरलेली आहेत.

युरेनियमच घ्या. जगात खाणीतून निघणाऱ्या युरेनियमपैकी सुमारे चाळीस टक्के एकट्या कझाकस्तानातून येतं. कॅनडातल्या सिगार लेक खाणीत शंभर किलो दगडात दहा किलोंहून अधिक युरेनियम असतं. आपल्या झारखंडमधल्या जादुगुडा खाणीत तेवढ्याच दगडात शंभर ग्रॅमही सापडत नाही. खाणीतून काढून भागत नाही. निसर्गात मिळणाऱ्या युरेनियममध्ये सहज विखंडन पावणारा, म्हणजे अणू फुटून ऊर्जा देणारा भाग, युरेनियम-२३५, जेमतेम ०.७ टक्के असतो. जगातल्या बहुतेक भट्ट्यांना तो तीन ते पाच टक्के लागतो. तो वाढवण्याच्या प्रक्रियेला समृद्धीकरण म्हणतात आणि तिची मोठी क्षमता मोजक्याच देशांकडे आहे. त्यातली चाळीस टक्क्यांच्या आसपास रशियाकडे आहे. युक्रेनवर हल्ला झाल्यानंतर अमेरिकेने रशियावर असंख्य निर्बंध लादले, पण रशियन समृद्ध युरेनियमवर बंदी घालणारा कायदा करायला मे २०२४ उजाडलं, आणि त्यातही पर्याय नसल्यास २०२७ च्या अखेरपर्यंत सवलतीची सोय ठेवावी लागली. तेल दुसरीकडून घेता येतं, समृद्ध युरेनियमचं दुकान एका वर्षात बदलता येत नाही.

पोलादाचंही तसंच. मोठ्या भट्टीचं दाबपात्र, म्हणजे इंधन ठेवलेली जाड पोलादी टाकी, ज्या अखंड घडीव पोलादी भागांपासून बनतं, ते भाग घडवू शकणारे कारखाने जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि त्यांत जपानचा दबदबा आहे. म्हणून फ्रेंच किंवा अमेरिकी भट्टी भारतात यायची तर भारताचा जपानशीही करार व्हावा लागतो. तो नोव्हेंबर २०१६ मध्ये झाला, आणि अणुबॉम्बची झळ सोसलेल्या जपानने तो करताना खूप वेळ घेतला, हे स्वाभाविकच होतं.

आता तारापूरकडे वळू.

१९५३ च्या डिसेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांत 'शांततेसाठी अणू' ही कल्पना मांडली. ज्यांना अणुतंत्रज्ञान हवं त्यांना ते शांततेच्या कामासाठी द्यायचं आणि बदल्यात त्यांनी बॉम्ब बनवायचा नाही, असा तो व्यवहार. १९५५ मध्ये जिनिव्हात यासाठी पहिली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली तेव्हा अध्यक्षपदी आपले होमी भाभा होते. १९५७ मध्ये व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था स्थापन झाली. त्या काळात मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राला ब्रिटनने अप्सरा भट्टीसाठी इंधन दिलं, कॅनडाने सायरस ही संशोधन भट्टी दिली, अमेरिकेने तिच्यासाठी जड पाणी (जड हायड्रोजन असलेलं, अणुभट्टीत वापरलं जाणारं खास पाणी) दिलं. त्याच ओघात १९६३ मध्ये तारापूरचा करार झाला. अमेरिकेने भट्ट्या दिल्या, कमी व्याजाचं कर्ज दिलं आणि तीस वर्षं समृद्ध युरेनियम पुरवण्याचं मान्य केलं.

मे १९७४ मध्ये भारताने पोखरणला अणुचाचणी केली. तिच्यासाठी लागणारं प्लुटोनियम, म्हणजे भट्टीतल्या युरेनियमपासून तयार होणारं स्फोटक अणुद्रव्य, सायरसमधून आलं होतं. भारताचं म्हणणं होतं की ही शांततामय चाचणी आहे आणि कोणताही करार मोडलेला नाही. कॅनडाला आणि अमेरिकेला ते मान्य नव्हतं. कॅनडाने राजस्थानातल्या रावतभाट्याच्या अणुवीज केंद्राचं काम अर्ध्यावर सोडलं. अणुसामग्री विकणारे देश एकत्र आले आणि त्यांनी अणुपुरवठादारांचा गट बनवला. म्हणजे आज ज्या गटात शिरायला भारत धडपडतो, तो भारतामुळेच जन्माला आला. १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला: जो देश आपल्या सगळ्या अणुकेंद्रांवर आंतरराष्ट्रीय तपासणी मान्य करणार नाही, त्याला इंधन नाही. तारापूरच्या करारात हे कलम नव्हतं. तरी मागाहून केलेला कायदा कराराहून वरचढ ठरला आणि इंधन अडलं.

१९८२ मध्ये इंदिरा गांधी आणि अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्या भेटीत तोडगा निघाला आणि फ्रान्स इंधन देऊ लागला. नव्वदच्या दशकात फ्रान्सनेही कडक नियम स्वीकारले. मग चीन आला, पुढे रशिया. या सगळ्या वर्षांत भट्टीतून काढलेलं वापरलेलं इंधन तारापूरलाच साठत राहिलं. अमेरिका ते परत नेईना, आणि तिच्या संमतीशिवाय भारताने त्यावर प्रक्रिया करू नये, म्हणजे त्यातून प्लुटोनियम वेगळं काढू नये, असा तिचा आग्रह. कराराची मुदत १९९३ मध्ये संपली, पण तो साठा संपला नाही. विकणारा, घेणारा आणि तपासणारा यांचे संबंध बिघडले की ओझं जिथे भट्टी असते तिथेच राहतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

भारताने या बहिष्कारातून बरंच कमावलं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. कॅनडाच्या अर्धवट आराखड्यावरून आपल्या अभियंत्यांनी नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर चालणाऱ्या भट्ट्या स्वतः बांधल्या, मोठ्या केल्या. तारापूरच्याच आवारातल्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या, २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या, पूर्णपणे आपल्या आहेत. (त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. त्यांच्या पुनर्वसनाचे वाद वर्षानुवर्षं चालले.) पण भट्ट्या बांधता आल्या तरी युरेनियम पुरेना. २००८-०९ मध्ये आपल्या अणुवीज केंद्रांनी क्षमतेच्या जेमतेम निम्मी वीज बनवली. यंत्रं ठणठणीत होती, इंधन नव्हतं.

ही कोंडी फुटली ती भारत-अमेरिका अणुकराराने. जुलै २००५ मध्ये मनमोहन सिंग आणि बुश यांनी घोषणा केली, त्यानंतर तीन वर्षं दोन्ही देशांत घमासान चर्चा झाली. त्या वाटाघाटींत अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी एक गोष्ट लावून धरली: कोणती केंद्रं नागरी आणि कोणती लष्करी, हे भारत ठरवेल. शेवटी २२ पैकी १४ भट्ट्या तपासणीखाली आणायचं ठरलं. सप्टेंबर २००८ मध्ये व्हिएन्नात अणुपुरवठादार गटाने भारतासाठी अपवाद केला. कझाकस्तान, रशिया, फ्रान्स इथून युरेनियम येऊ लागलं आणि २०११-१२ पर्यंत त्याच केंद्रांची कामगिरी क्षमतेच्या ७९ टक्क्यांवर गेली. एकही नवी वीट न रचता एवढा फरक पडला. आंतरराष्ट्रीय सहकार्याचा कार्बनच्या हिशेबातला अर्थ कुणी विचारला तर मी हेच उदाहरण देतो.

तपासणी म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न अनेकांना पडतो. व्हिएन्नाच्या संस्थेचे निरीक्षक केंद्रात येतात. इंधनाच्या गठ्ठ्यांची मोजदाद करतात, नोंदवह्या पडताळतात, साठ्यांवर मोहरा लावतात, कॅमेरे बसवतात. आलेलं इंधन, भट्टीत गेलेलं, बाहेर काढलेलं आणि साठवलेलं, या सगळ्याचा ताळेबंद जुळला पाहिजे. हेतू एकच: विजेसाठी दिलेली सामग्री बॉम्बकडे वळलेली नाही याची खात्री. भट्टी सुरक्षितपणे चालते का, हा वेगळा विषय आहे आणि तो मुख्यतः त्या त्या देशाच्या नियामकाकडे असतो. बातम्यांमध्ये या दोन गोष्टींची वारंवार सरमिसळ होते.

संयुक्त अरब अमिरातीने याबाबत सर्वांत सोपा रस्ता धरला. आम्ही समृद्धीकरण करणार नाही, वापरलेल्या इंधनावर प्रक्रियाही करणार नाही, असं त्यांनी २००९ च्या अमेरिकेसोबतच्या करारातच लिहून दिलं. त्याच वर्षाच्या शेवटी कोरियन कंपनीला कंत्राट दिलं. बराका इथल्या चारही भट्ट्या सप्टेंबर २०२४ पर्यंत चालू झाल्या. ५,६०० मेगावॉट, म्हणजे त्या देशाच्या विजेचा सुमारे चौथा हिस्सा. तेलावर श्रीमंत झालेल्या देशाने पंधरा वर्षांत हे करून दाखवलं. भारत असं लिहून देणार नाही, आणि देऊही नये असं मला वाटतं. थोरियम या धातूपासून अणुइंधन करण्याचं आपलं सगळं नियोजनच वापरलेल्या इंधनावरच्या प्रक्रियेवर उभं आहे.

आता पैसा. अणुवीज केंद्राचा खर्च घरकर्जासारखा असतो: सुरुवातीला डोंगराएवढी रक्कम, मग साठ वर्षं राहायचं. इंधन त्या मानाने स्वस्त. त्यामुळे काम जितकं लांबेल तितकं व्याज चढतं आणि विजेचा दर बिघडतो. फ्रान्समधली फ्लामानव्हिल इथली भट्टी २००७ मध्ये बांधायला घेतली, ३.३ अब्ज युरोत २०१२ पर्यंत पूर्ण करायची म्हणून. ती वीजजाळ्याला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये आणि कंपनीच्याच हिशेबाने खर्च १३.२ अब्जांवर गेला. हा स्वतःच्या देशात, स्वतःच्या आराखड्यावर, अनुभवी कंपनीला आलेला अनुभव आहे.

गरीब देशांना एवढं कर्ज द्यायचं कुणी? जागतिक बँकेने अणुवीज केंद्रासाठी एकदाच कर्ज दिलं होतं, १९५९ मध्ये इटलीला. त्यानंतर दार बंदच. ते जून २०२५ मध्ये पुन्हा उघडायचं ठरलं. मधल्या काळात ही जागा रशियाने भरली. बांगलादेशातल्या रूपपूरचा सुमारे नव्वद टक्के खर्च रशियन कर्जातून होतो आहे. तुर्कस्तानातल्या अक्कुयूत तर रशियाच बांधणार, रशियाच मालक आणि रशियाच वीज विकणार. रूपपूरच्या उभारणीत आणि तिथल्या लोकांच्या प्रशिक्षणात भारतही आहे; २०१८ मध्ये तिन्ही देशांनी तसा समझोता केला. ही कर्जं स्वस्त वाटतात, पण त्यांच्याबरोबर इंधन, सुटे भाग आणि तज्ज्ञ यांचं नातंही येतं. तारापूर ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तिसरा गुंता दायित्वाचा. अपघात झाला तर भरपाई कुणी द्यायची? जगातली पद्धत अशी की सगळी जबाबदारी केंद्र चालवणाऱ्यावर, यंत्र विकणारा मोकळा. भारताला हे सहजासहजी पटणं शक्य नव्हतं, कारण १९८४ चं भोपाळ आपल्या देशात घडलं आहे. २०१० च्या कायद्यात म्हणून तरतूद आली की सदोष यंत्रामुळे अपघात झाला तर केंद्र चालवणारी कंपनी पुरवठादाराकडून भरपाई वसूल करू शकेल. अमेरिकी आणि फ्रेंच कंपन्या तिथेच थबकल्या. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' हा नवा कायदा मंजूर केला. खासगी कंपन्यांना अणुवीज क्षेत्र खुलं झालं, अणुऊर्जा नियामक मंडळाला वैधानिक दर्जा मिळाला, आणि पुरवठादारावरची ती खास तरतूद गेली. आता त्याच्याकडून वसुली करायची तर तसं करारात लिहिलेलं हवं, किंवा नुकसान हेतुपुरस्सर केलेलं हवं. २०४७ पर्यंत १०० गिगावॉट (एक लाख मेगावॉट) अणुवीज हे सरकारचं ध्येय आहे; आज आपण नऊ गिगावॉटच्या आसपास आहोत. त्या घाईत ही तरतूद गेली हे समजतं, पण मला ते खटकतं. सदोष माल विकणाऱ्याला आपल्या मालाची झळ लागू शकते, ही भीतीच मुळात सुरक्षिततेचा एक भाग होती.

सुरक्षिततेबाबत मात्र देशांनी एकमेकांकडून खरोखर शिकलं आहे. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलला स्फोट झाला तेव्हा सोव्हिएत सरकार गप्प होतं. जगाला सुगावा लागला तो स्वीडनमधल्या फोर्शमार्क केंद्रात, कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सार आढळला तेव्हा. त्याच वर्षी अपघाताची तात्काळ सूचना देण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. १९८९ मध्ये जगभरच्या केंद्रचालकांनी मॉस्कोत एकत्र येऊन एक संघटना काढली. तिच्यामार्फत एका देशाचे अभियंते दुसऱ्या देशाच्या केंद्रात जाऊन चुका दाखवतात. शत्रुत्व असलेल्या देशांतही हे चालत आलं आहे, कारण एका भट्टीचा अपघात सगळ्या भट्ट्यांना भोवतो. २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा केंद्रात झालेल्या अपघातानंतर जर्मनीने आपल्या भट्ट्या बंद करत नेल्या, तो याचाच दाखला.

आणि फुकुशिमाचेच पडसाद रत्नागिरी जिल्ह्यात उमटले. राजापूर तालुक्यातल्या माडबन-जैतापूरला फ्रेंच बनावटीच्या सहा भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट, असा जगातला सर्वांत मोठा अणुवीज प्रकल्प उभारायचं ठरलं आहे. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात आले असताना त्याच्या प्राथमिक करारांवर सह्या झाल्या. एप्रिल २०११ मध्ये आंदोलनाच्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात एका स्थानिक माणसाचा जीव गेला. २०२१ मध्ये फ्रेंच कंपनीने सविस्तर प्रस्ताव दिला. ९३८ हेक्टर जमीन घेतलेली आहे, दर आणि दायित्वावर बोलणी लांबत गेली, बांधकाम सुरू झालेलं नाही.

जैतापूरच्या विरोधाला अडाणीपणा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तिथल्या साखरी नाटे गावचा मच्छीमार विचारतो की थंडाव्यासाठी समुद्राचं पाणी घेऊन ते अधिक गरम करून परत सोडणार, तर माझ्या मासळीचं काय होईल? हा शास्त्रीय प्रश्न आहे, मोजून उत्तर देता येण्यासारखा. अणुऊर्जेची गरज मला पटते म्हणूनच ते उत्तर त्याला मिळायला हवं असं वाटतं.

आणि ते कसं द्यायचं, हे ज्या देशाकडून भट्ट्या घ्यायच्या तिथेच शिकण्यासारखं आहे. फ्रान्समध्ये प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ स्थानिक माहिती आयोग असतो. २००६ च्या कायद्याने त्याला अधिकार दिले आहेत. निवडून आलेले स्थानिक प्रतिनिधी, पर्यावरण संघटना, कामगार संघटना आणि तज्ज्ञ त्यात बसतात, केंद्राकडे माहिती मागतात, स्वतंत्र मोजमापं करवून घेऊ शकतात. फ्लामानव्हिलला तो आहे. जैतापूरच्या पुढच्या वाटाघाटींत भट्टीचा दर, इंधनाची हमी आणि कर्जाचं व्याज यांच्याबरोबर असा आयोगही मागून घ्यावा. माडबन, नाटे आणि मिठगवाण्याच्या ग्रामपंचायतींना त्यात जागा असावी, आणि बांधकाम सुरू होण्याआधीच्या समुद्राच्या तापमानाच्या व मासळीच्या नोंदी त्याने मराठीत सगळ्यांसमोर ठेवाव्यात.